निर्मळ म्हणजे शुद्ध नव्हे

आपल्याकडे पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं आणि जिभेनें करण्याची रीत फार जुनी आहे. पाणी गढूळ असलें तर त्यांत निवळीची बी उगाळून घालावी किंवा तुरटीचा खडा फिरवावा. गाळ खालीं बसला, वरचें पाणी फडक्यानें गाळून घेतलें, आणि घरांत आजारी माणूस अगर लहान मूल असल्यास तें उकळून निवविलें, कीं गृहिणीचें मन निश्चिंत होतें. या तिन्ही रीति उत्तम आहेत. त्या सोडाव्या असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. परंतु पाण्याच्या अंगीं असा एक गुण आहे कीं, त्यापुढें निवळी, फडकें आणि चूल यांचा बहुधा इलाज चालत नाहीं. तो गुण म्हणजे पदार्थ विरघळविण्याची पाण्याची शक्ति. या महिन्यांत या सदरांत तिचाच विचार करूं.

चिमूटभर माती पाण्यांत टाकली तर पाणी गढूळ होतें. चिमूटभर मीठ टाकलें तर होत नाहीं. असें कां व्हावें? मातीचा कण कितीही बारीक असला तरी त्यांत असंख्य अणु एकत्र बांधलेले असतात. प्रकाश त्यावर आदळून विखुरतो, म्हणून पाणी गढूळ दिसतें; आणि कण जड असल्यामुळें कालांतरानें तळाशीं बसतो. मिठाची गोष्ट निराळी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूंत प्राणवायूचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणु असतात. पण ते एका सरळ रेषेंत नसून सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून बसलेले असतात. प्राणवायु ऋण विद्युत् आपल्याकडे अधिक ओढून घेतो. त्यामुळें रेणूची एक बाजू किंचित् ऋण व दुसरी किंचित् धन होते. आतां मिठाचा खडा म्हणजे सोडियमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित कण यांची रचलेली एक भिंतच होय. पाण्याचे रेणु तिला भिडले, कीं सोडियमच्या कणाकडे प्राणवायूचें तोंड व क्लोरीनच्या कणाकडे हायड्रोजनचें तोंड करून एकेका कणाभोंवतीं कोंडाळें करतात आणि त्याला भिंतींतून सोडवून नेतात. असे सुटे झालेले कण इतके सूक्ष्म असतात कीं ते दिसत नाहींत, तळाशीं बसत नाहींत, आणि कितीही घट्ट विणीच्या फडक्यांतून सहज निसटून जातात.

प्रत्येक पदार्थाची विरघळण्याची मर्यादा वेगळी असते, हें स्वयंपाकघरांत नित्य अनुभवास येतें. १०० ग्रॅम पाण्यांत साधारण उष्णतेला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतें. पाणी उकळूं लागलें तरी तो आंकडा ३९ च्या आसपासच राहतो. साखर मात्र तितक्याच गार पाण्यांत सुमारे २०० ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यांत पावणेपांचशे ग्रॅमांहूनही अधिक विरघळते. म्हणून तर पाक निवतांना साखर पुनः दाण्यांच्या रूपानें वेगळी होते. तेलाच्या रेणूंत पाण्यासारखा धन-ऋण भेद जवळजवळ नसतो. त्यामुळें पाणी त्याला आपल्यांत घेत नाहीं. हळदीचा पिवळा रंग पाण्यापेक्षां फोडणींत चांगला उतरतो, याचें कारणही हेंच. आणि ताक पितळेच्या भांड्यांत ठेवलें तर कळकतें, तें अशाकरितां कीं पाण्याला आंबटाची जोड मिळाली म्हणजे तें धातूचा अंशही आपल्यांत ओढून घेतें. कल्हईची योजना आपल्या पूर्वजांनीं केली ती यासाठींच.

जी क्रिया भांड्यांत घडते तीच भूगर्भांत मोठ्या प्रमाणावर चाललेली असते. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कार्बन डायऑक्साइड वायु घेतें आणि किंचित् आंबट होतें. असें पाणी चुनखडीवरून वाहूं लागलें, कीं तिचा अंश त्यांत उतरतो. हेंच आपलें जड पाणी: साबणाला फेंस येत नाहीं, डाळ शिजतां शिजत नाहीं, आणि बंबाच्या आंत पांढरें किटण सांचतें. हें पाणी उकळलें म्हणजे विरघळलेला वायु निघून जातो व त्याच्या आधारानें राहिलेला चुना तळाशीं बसतो. येथें चूल खरोखर उपयोगी पडते. पण त्यावरूनच, उकळल्यानें पाण्यांतील सर्व दोष जातात, अशी एक समजूत दृढ झाली आहे, आणि ती कित्येक घरांत घातक ठरते.

उदाहरणार्थ फ्लोराइड घ्या. ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांतील कांहीं खनिजांत तें असतें. पाण्यांत चुन्याचा अंश पुष्कळ असेल तर फ्लोराइड त्याच्याशीं बांधलें जातें व फारसें सांचूं शकत नाहीं. उलट चुना थोडा आणि खाण्याच्या सोड्यासारखा क्षार अधिक असेल, तर तें पाण्यांत वाढत जातें. म्हणजे ज्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेंस चांगला येतो आणि डाळ लवकर शिजते, तीच विहीर कधीं कधीं दगा देणारी असते. अशा पाण्याला रंग नाहीं, वास नाहीं, वेगळी चवही नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें १ लिटर पाण्यांत १ मिलिग्रॅम, आणि दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतें. समजा, १.५ मिलिग्रॅमचें ४ लिटर पाणी आपण उकळून ३ लिटर केलें. वाफ होऊन गेलें तें नुसतें पाणी. फ्लोराइड सारें मागें राहिलें, आणि त्याचें प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम झालें! जंतु मेले खरे, पण हा दोष मात्र वाढला.

या दोषाचें पहिलें लक्षण मुलांच्या दांतांवर दिसतें. पक्के दांत हिरड्यांत तयार होत असतांना, म्हणजे सुमारे आठ वर्षांच्या आंतच, हें पाणी पोटांत जात राहिलें तर दांतांवर पांढरे, पुढें तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहींत. दांत नीट घासत नाहींस, म्हणून ज्या मुलाला रोज बोलणीं खावीं लागतात, त्याचा कित्येकदां कांहींच अपराध नसतो. प्रमाण फार असेल तर वर्षानुवर्षांच्या सेवनानें सांधे आंखडतात, पाठीचा कणा ताठतो. आपल्या देशांत या विकाराचें शास्त्रीय वर्णन १९३७ सालीं तत्कालीन मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांतून प्रसिद्ध झालें. महाराष्ट्रांतही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादि जिल्ह्यांतील कांहीं गांवीं भूजलांत हा दोष आढळला आहे.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे नीरीनें, एक रीत बसविली असून ती नलगोंडा पद्धति या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून घालतात. पाणी ढवळलें, कीं तुरटीपासून होणाऱ्या पुंजक्यांत फ्लोराइड अडकून गाळाबरोबर खालीं बसतें. मात्र तुरटीचें प्रमाण पाण्याची परीक्षा करूनच ठरवावें लागतें. घरीं अंदाजानें खडा फिरविणें म्हणजे ही पद्धति नव्हे. हल्लीं घरोघरीं दिसणारीं आर. ओ. यंत्रें विरघळलेले क्षार पुष्कळ अंशीं काढून टाकतात. आणि छपरावरचें पावसाचें पाणी स्वच्छ टांक्यांत सांठविलें, तर त्याला खडकाचा संपर्कच होत नाहीं. तें प्यावयाचें असल्यास जंतूंसाठीं उकळावें, म्हणजे झालें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी पितात, त्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, त्यांनीं एक बाटली पाणी जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेंत अवश्य पाठवावें. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अशा प्रयोगशाळा आपल्या राज्यांत आहेत. ज्या घरांत आठ वर्षांच्या आंतील मूल आहे, तेथें हें काम पुढच्या महिन्यावर टाकूं नये.