लोकसभेत तीन, विधानसभेत एक

खानदेशातील स्त्रीच्या राजकीय कर्तृत्वाचा विषय निघाला की श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या राष्ट्रपतिपदाचा उल्लेख हटकून होतो. २५ जुलै २००७ रोजी त्यांनी ग्रहण केलेल्या त्या पदाचा मान मोठाच. परंतु या प्रदेशाने बोध घ्यावा असा त्यांच्या कारकीर्दीचा भाग त्याआधीचा, विधानसभेतील २३ वर्षांचा आहे, आणि नेमका तोच विस्मरणात गेला आहे.

१९६२ साली जळगावमधून त्या निवडून आल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. पुढे १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० या चारही निवडणुका त्यांनी एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, जिंकल्या. १९६७ साली त्या उपमंत्री झाल्या, १९७२ साली कॅबिनेट मंत्री. समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण ही खाती त्यांनी सांभाळली. १९७९ साली काँग्रेस सत्तेबाहेर असताना विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे आले. हे सारे पक्षनिष्ठेचे फळ होते, असे म्हणणारे आहेत. निष्ठेने मंत्रिपद मिळू शकते हे खरे; परंतु मतदार पाच वेळा कौल देतो तो केवळ निष्ठा पाहून नव्हे.

ही परंपरा पुढे का चालली नाही? २०२४ साली महाराष्ट्राने लोकसभेवर ७ स्त्रिया पाठविल्या. त्यांपैकी तिघी धुळे, जळगाव आणि रावेर या खानदेशच्या मतदारसंघांतील. त्याच वर्षी विधानसभेच्या २० जागांपैकी स्त्रीच्या वाट्याला आली ती एकच, साक्रीची. आणि तीही अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेली. जळगाव आणि रावेरच्या मतदाराने एकाच वर्षी दिल्लीसाठी स्त्री आणि मुंबईसाठी पुरुष निवडला. तेव्हा मतदार स्त्रीला मत देत नाही, ही सबब टिकत नाही. अडसर उमेदवारीचा आहे. तालुक्याची बाजार समिती, सहकारी संस्था, रस्त्यांची कामे, तापीच्या पाण्याच्या योजना यांवरील वर्चस्व आमदारकीभोवती फिरते, आणि ही चावी घराण्यातील पुरुषाच्या हातून सहसा सुटत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. दोंडाईच्याच्या नगरपरिषदेत मिरचीच्या बाजारापासून नळाच्या पाण्यापर्यंतचे प्रश्न जाणणाऱ्या स्त्रिया त्यातून घडू शकतात. शिडीची खालची पायरी आहे, वरचीही आहे; मधलीच निखळलेली आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेत एक-तृतीयांश जागा देऊ केल्या, परंतु अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली.

पक्षांना उमेदवारी देण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. १९६२ साली असा कोणताही कायदा नव्हता. तरीही जळगावात एका तरुण वकील स्त्रीला उमेदवारी मिळाली होती.