ग्वांगहेगुनचे नाव आता बदलू नये

कोरियन मालिकांमुळे सेजोंग, सेजो, दानजोंग ही नावे मराठी घरांतही कानावर पडू लागली आहेत. गंमत अशी की, यातले एकही नाव त्या राजाने जिवंतपणी ऐकले नव्हते. कोरियन लिपी घडवणाऱ्या सेजोंगचे स्वतःचे नाव ई दो. १४५० साली तो वारल्यावर राजघराण्याच्या पूर्वजमंदिरातील पट्टिकेसाठी जे नाव ठरले, ते सेजोंग.

ही चाल चीनची. तिथे राजाला मृत्यूनंतर दोन प्रकारची नावे मिळत. एक त्याच्या गुणावगुणांवरून, दुसरे पूर्वजमंदिरासाठी. मंदिरनामात राजवट उभी करणाऱ्याला ‘त्सू’, ती पुढे चालवणाऱ्याला ‘त्सुंग’ असे पद लागे. कोरियन उच्चारात तेच झाले ‘जो’ आणि ‘जोंग’. वरवर हा दरबारी शिष्टाचार वाटतो, पण अनियंत्रित सत्तेला लावलेला तो एक मोठा लगाम होता. आपल्या पश्चात चारचौघे बसून आपल्या कारकिर्दीचा निवाडा करणार आणि तो कायमचा आपल्या नावाला चिकटणार, हे राजाला पक्के ठाऊक असे.

या लगामाची धास्ती किती होती, ते पहिल्या सम्राटाने दाखवून दिले. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणल्यावर छिन शी हुआंगने ही पद्धतच मोडीत काढली. मुलाने बापाचा आणि चाकराने धन्याचा न्याय करावा, हे त्याला खपणारे नव्हते. आपण पहिला सम्राट, पुढचे दुसरा, तिसरा, असे दहा हजार पिढ्यांपर्यंत नुसते आकडे चालतील, असे त्याने ठरवले. त्याचे घराणे पंधरा वर्षांत बुडाले आणि हान राजांनी जुनी प्रथा पुन्हा सुरू केली.

स्वेइ घराण्याचा सम्राट यांग याच्या वाट्याला तर स्वतःच झाडलेला ठपका आला. छन घराण्याचा पदच्युत राजा छन शूबाओ ६०४ साली वारला, तेव्हा विलासी आणि प्रजेकडे पाठ फिरवणारा अशा अर्थाचे ‘यांग’ हे नाव त्याला देणारा हाच सम्राट. ६१८ साली तो आपल्याच सैनिकांच्या हातून मारला गेला. त्यानंतर गादीवर आलेल्या थांग घराण्याने नेमके तेच अक्षर त्याच्या माथी मारले. २०१३ मध्ये यांगचौ शहरात बांधकामासाठी खोदताना त्याची कबर सापडली; तिची ओळख पटली ती शिलालेखातल्या याच नावामुळे.

अर्थात, निवाडा करणारी लेखणी पुढच्या सत्ताधीशाच्या हाती असे, आणि खोट आहे ती इथेच. कोरियाच्या जोसोन घराण्यात २७ राजे झाले. त्यातल्या दोघांना मंदिरनामच मिळाले नाही: १५०६ मध्ये पदच्युत झालेला योनसानगुन आणि १६२३ मध्ये पदच्युत झालेला ग्वांगहेगुन. ‘गुन’ म्हणजे नुसता राजपुत्र. सोलमधल्या जोंगम्यो या पूर्वजमंदिरात दोघांचीही पट्टिका नाही. त्यांच्या कारकिर्दीच्या बखरीला ‘सिल्लोक’ हा मान नाही, ती फक्त ‘इल्गी’, म्हणजे रोजनिशी.

योनसानगुनच्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. विद्वानांच्या कत्तली त्याच्या नावावर आहेत. ग्वांगहेगुनची गोष्ट निराळी. सावत्र भावाचा बळी आणि सावत्र आईची नजरकैद हे डाग त्याच्यावर आहेतच. पण १६०८ मध्ये ग्योंगी प्रांतात जिनसांऐवजी तांदळात कर घेण्याची सुधारणा त्याच्या काळात सुरू झाली. ‘दोंगुइ बोगाम’ हा वैद्यकाचा महाग्रंथ त्याच्याच कारकिर्दीत छापला गेला. चीनचे मिंग घराणे आणि चढती मांचू सत्ता यांच्या कात्रीत त्याने देश शिताफीने सांभाळला. त्याला हटवणाऱ्या इंजोने ते धोरण सोडले, दोन मांचू आक्रमणे ओढवून घेतली आणि १६३७ मध्ये मांचू सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा डोके टेकवले. तरी इंजोला मिळाले ‘जो’, संस्थापकाच्या तोलाचे पद! इतका उघड पक्षपात दुसरीकडे शोधूनही सापडायचा नाही.

मग ग्वांगहेगुनला आज सन्मानाचे नाव द्यावे का? दाखला आहे. काका सेजोने गादीवरून खेचलेला किशोरवयीन राजा १४५७ मध्ये वनवासात मेला, तेव्हा तो ‘नोसानगुन’ होता. १६९८ मध्ये राजा सुकजोंगने त्याला ‘दानजोंग’ केले आणि त्याची पट्टिका जोंगम्योत आली. पण ते करायला तेव्हा राजा होता, दरबार होता. आज कुणी ग्वांगहेगुनचे नाव बदलले, तर इंजोच्या पक्षाने केलेला अन्याय झाकला जाईल. ‘गुन’ हे पद ग्वांगहेगुनपेक्षा त्याच्या शत्रूंविषयी जास्त सांगते. ते तसेच राहिले पाहिजे.

त्याचे माप करायला दुसरे, अधिक भक्कम साधन हाताशी आहे. इतर राजांच्या बखरी छापून झाल्या की मसुदे सोलच्या ओढ्यात धुऊन शाई काढली जाई. ग्वांगहेगुनची रोजनिशी छापलीच गेली नाही, म्हणून तिचा मसुदा वाचला. कुठली ओळ काटली, काय नव्याने घातले, हे त्यात दिसते. आज अभ्यासक त्याची कारकीर्द नव्याने तपासतात ती याच खाडाखोडीच्या आधारे.