जमाखर्चात न बसलेले शिवणयंत्र

गेल्या मार्गशीर्षात काही कामानिमित्त कुडाळला गेलो असता एक सकाळ मुद्दाम वालावलसाठी राखून ठेवली. श्रीलक्ष्मीनारायणाचे मंदिर, त्याला लागून असलेला तलाव, माडांची दाटी आणि जवळून वाहणारी कर्ली नदी. हे सारे चाळीस वर्षांपूर्वी पाहिले होते तसेच मला भेटले. मात्र एका घराच्या ओट्यावरून येणारा यंत्राचा आवाज ऐकला आणि माझी पावले थबकली. त्या घराचे आणि माझे एक जुने खाते होते. ते माझ्याकडून कधीच बंद झाले नव्हते.

१९८६च्या सुमारास मी या भागात बँकेचा कर्ज अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली शेळ्या, म्हशी, छोटी दुकाने यांसाठी कर्जे दिली जात. त्यात या घरातील एका तरुण गृहिणीचा शिवणयंत्रासाठी अर्ज आला. ‘महिन्याला उत्पन्न किती होईल?’ असे मी नियमाप्रमाणे विचारले. ती सरळपणे म्हणाली, की गिऱ्हाईक मिळाले तर पाहू, पण आधी घरातल्या सात माणसांचे कपडे शिवायचे आहेत. मी सांगितले, ‘बाई, हे उत्पन्न नव्हे.’ त्यावर तिने विचारले, ‘वाचलेले पैशे म्हणजे पैशे न्हय, साहेबानू?’

माझ्याकडे उत्तर नव्हते, पण शिक्का होता. अर्ज मी परत केला.

वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाला हा प्रश्न खरे तर कळायला हवा होता. आपल्या व्यापारी घरांत लहान मूलसुद्धा जाणते, की गल्ल्यात आलेला रुपया आणि गल्ल्यातून न गेलेला रुपया यांचे वजन सारखेच असते. पण माझ्या छापील अर्जात दुसऱ्या रुपयासाठी रकानाच नव्हता.

शिवणयंत्राचा इतिहास पाहिला तर त्याच्या प्रसारात हिशेबाचा वाटा मोठा दिसतो. फ्रान्समधील थिमोनिए या शिंप्याने १८३०मध्ये यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा पोट जाईल या भीतीने तेथील शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. पुढे १८५१मध्ये अमेरिकेत आयझॅक सिंगर यांचे यंत्र आले. ते महाग होते, म्हणून त्यांच्या कंपनीने १८५६पासून थोडी रक्कम रोख व बाकी हप्त्यांनी, अशी विक्री सुरू केली. सामान्य घरांत यंत्र पोहोचले ते त्या हप्त्यांमुळे. यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले, कारण त्यामागे माणसाचे कष्ट वाचविण्याची कळकळ आहे असे त्यांना वाटे.

नंतर तयार कपडे स्वस्त झाले आणि घरोघरची यंत्रे खाली पाय दुमडून गप्प बसली. कोणी त्यांवर दूरदर्शन संच ठेवला, कोणी देव्हारा. आता वारा फिरला आहे. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी कापडी मुखपट्ट्या शिवल्या गेल्या, अनेक बचत गटांनी त्या विकल्याही. त्या निमित्ताने ज्या हातांना सुई-दोऱ्याची आठवण झाली, ते पुढेही थांबले नाहीत. यूट्यूबवर कापड बेतण्याचे धडे मिळतात, विजेवर चालणारी सुटसुटीत यंत्रे सहज घेता येतात. ब्रिटनमध्ये तर २०१३पासून हौशी शिवणकाम करणाऱ्यांची दूरचित्रवाणीवर स्पर्धाच होते.

वालावलच्या त्या ओट्यावर यंत्रापाशी बसली होती त्या बाईंची नात. पुण्यात संगणकाची नोकरी करणारी ही मुलगी सुट्टीत येऊन आजीच्या जुन्या नऊवारीची पिशवी शिवत होती. आजी शेजारी बसून म्हणत होती, ‘टीप वाकडी गेली, उसव.’ मुलगी न कुरकुरता उसवत होती. दिवसभर पडद्यावर काम करून हाती काहीच दिसत नाही, येथे संध्याकाळी एक वस्तू तयार होते, असे तिने मला सांगितले.

मी ओळख दिली. बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि हसून म्हणाल्या, ‘अर्ज मंजूर झालो काय, साहेबानू?’ मग चहा आला. माझ्या नकारानंतर वर्षभरात त्यांनी हातातली एक बांगडी मोडून जुने पायमशीन घेतले होते. त्यावर घर नेसले, शेजारपाजारच्या झंपरांवर दोन मुलांच्या शाळेचा खर्च निघाला. बांगडी मात्र पुन्हा झाली नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही, म्हणूनच ते मला अधिक लागले.

वाचकहो, आपल्या घरातील मुलीला, सुनेला किंवा मुलालाही ही हौस वाटली, तर ‘यातून मिळणार काय?’ हा प्रश्न आधी विचारू नका. माळ्यावरचे जुने यंत्र उतरवा, गंज पुसा, तेल घाला, पट्टा बदला. पहिला हात महागड्या कापडावर नको. उशीचे अभ्रे आणि पिशव्या यांवर सरळ टीप बसू द्या. सुती कापड बेतण्यापूर्वी धुऊन घ्या, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही. दुकानात उरलेले तुकडे आधी वापरा. नाहीतर हौस शिवण्याची राहते आणि कपाट कापडाने भरते. आणि स्वतः एक सदरा शिवून पाहिला, की गल्लीतल्या शिंप्याशी शिलाईसाठी घासाघीस करताना जीभ आपोआप अडखळेल.

निघताना त्या मुलीने ती पिशवी माझ्या हाती ठेवली. मी पैसे काढले, ते आजीने घेतले नाहीत. आज ती पिशवी घेऊन मी भाजीला जातो. तिची एक टीप थोडी वाकडी आहे.