ऋण कोणाचे, सण कोणाचा?

नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २५ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा उपान्त्य सामना झाला. स्पेनने मालीचा ३-१ असा पराभव केला. ठाण्याला गाडी बदलून नेरुळ गाठणे डोंबिवली-कल्याणच्या माणसाला अवघड नाही. त्यामुळे जागतिक स्पर्धा आपल्या जिल्ह्यात, जवळजवळ दाराशी आली, असे इथल्या क्रीडाप्रेमींना वाटले असल्यास नवल नाही. सहा शहरांत झालेल्या या स्पर्धेचे ५२ सामने मिळून १३ लाख ४७ हजार १३३ प्रेक्षकांनी पाहिले. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे या जुळ्या शहरांतील तान्ह्या मुलापासून वृद्धापर्यंत प्रत्येकाने एकेक सामना पाहिला असता, तरीही हा आकडा पुरा झाला नसता. या यशाचे कौतुक अवश्य व्हावे. पण उत्सव संपल्यावर मांडव कोणाच्या खर्चाने पडला होता आणि घरात काय उरले, हे विचारणे हा यजमानाचा हक्कच नव्हे, तर कर्तव्यही आहे.

जगातील यजमानांचा अनुभव या बाबतीत फारसा उत्साहवर्धक नाही. १९८६ ची विश्वचषक स्पर्धा भरविण्याचा मान कोलंबियाला मिळाला होता. परंतु १९८२ साली त्या देशाने तो परत केला आणि ती स्पर्धा मेक्सिकोत झाली. ज्यांनी असा विवेक दाखविला नाही, त्यांना पुढे पांढरे हत्ती पोसावे लागले. २०१० च्या स्पर्धेसाठी केपटाऊनला बांधलेल्या भव्य स्टेडियमची देखभाल नगरपालिकेला इतकी जड झाली की, ते पाडून टाकावे की काय, अशीही चर्चा तेथे झाली. ब्राझीलने २०१४ साली ॲमेझॉनच्या अरण्यातील मनाउस शहरी अवघ्या चार सामन्यांसाठी नवे स्टेडियम उभारले, आणि राजधानी ब्राझिलियातील स्टेडियमचे आवार पुढे बसगाड्या उभ्या करण्यासाठी वापरले गेले. फुटबॉल हा ज्या देशाचा श्वास मानला जातो, त्याच देशात स्पर्धेच्या आदल्या वर्षी लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ठिणगी पडली होती ती साओ पाउलोतील बसभाड्याच्या किरकोळ वाढीमुळे. स्टेडियम जागतिक दर्जाचे हवे, तर आमची रुग्णालये आणि शाळा त्या दर्जाच्या का नकोत, असा त्या लोकांचा सवाल होता. रोज सकाळी दारात लोंबकळत प्रवास करणाऱ्या आणि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीतून पडून सहप्रवासी दगावल्याचे वृत्त वाचलेल्या आपल्या चाकरमान्याला हा सवाल परका वाटू नये.

कतारची कथा याहून करुण आहे. २०२२ च्या स्पर्धेपूर्वीच्या बारा वर्षांत तेथील बांधकामांवर राबले ते भारत, नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून गेलेले मजूर. स्पर्धेशी निगडित कामांवर चारशे ते पाचशे मजूर मृत्युमुखी पडले असावेत, असे स्पर्धेच्या मुख्य संयोजकाने स्वतःच नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य केले. इतरांचे अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत. आखातातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्यांची चूल पेटली, अशी घरे कोकणात आणि मुंब्र्यातही आहेत. विश्वचषकाच्या झगमगाटाची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

खर्च असा यजमानाच्या माथी पडत असता उत्पन्न कोठे जाते? २०१९ ते २०२२ या चार वर्षांत जागतिक फुटबॉल महासंघाचे, म्हणजे फिफाचे, उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरांवर गेले. प्रक्षेपणाचे हक्क आणि जाहिरातदारांचे पैसे महासंघाच्या तिजोरीत जमा होतात. करमाफी, सुरक्षा, रस्ते, वीज यांची हमी मात्र यजमान देशाने द्यावयाची असते. लग्नघर एकाचे आणि आहेर दुसऱ्याच्या घरी, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच अमेरिकेतील शिकागोसारख्या धनाढ्य शहराने २०१८ साली पुढील विश्वचषकाचे सामने भरविण्यास नकार दिला. करदात्यांवर नेमका किती बोजा पडेल याची खात्री मिळत नाही, हे कारण त्या शहराने उघडपणे सांगितले.

या पार्श्वभूमीवर आपला अनुभव तपासला, तर प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. नवी मुंबईने ऋण काढून सण केला नाही. २००८ साली खाजगी संस्थेने मुख्यतः क्रिकेटसाठी उभारलेले स्टेडियम फुटबॉलसाठी वापरले गेले. तेथे पुढेही गर्दी होत राहिली. भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक २ नोव्हेंबर २०२५ रोजी जिंकला तो याच मैदानावर. आपण मनाउसची चूक केली नाही, हे श्रेय देणे न्यायाचे होईल.

परंतु यजमानपदाची किंमत केवळ सिमेंटमध्ये मोजावयाची नसते. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई महिला स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाली. नेरुळच्याच मैदानावर यजमान भारताला करोनाच्या लागणीमुळे पुरेशा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती म्हणजे बाहेरचा हस्तक्षेप होय, असे ठरवून फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. मुलींची जागतिक स्पर्धा हातची जाण्याची वेळ आली. प्रशासक समिती गुंडाळली गेली आणि अकरा दिवसांनी निलंबन उठले. यजमानपद टिकविण्यासाठी देशाच्या घटनात्मक संस्थांनी उभारलेली व्यवस्था घाईघाईने मोडावी लागणे, हेही एक मोलच आहे. स्पर्धेच्या हमीपत्रांना आणि दहा कोटींच्या साह्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबरच्या मध्यास, सामने सुरू होण्यास जेमतेम महिना उरला असता. त्या स्पर्धेत आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. दोष त्या मुलींचा नव्हे. पाहुण्यांसाठी रांगोळी काढणाऱ्यांना घरच्या लेकरांच्या पोटाची आठवण उशिरा झाली, एवढाच त्याचा अर्थ.

खरा प्रश्न येथेच आहे. २०१७ च्या स्पर्धेपूर्वी, १५ सप्टेंबर रोजी, महाराष्ट्र शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प सोडला आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले. कल्पना स्तुत्यच होती. पण चेंडू मिळाला तरी तो लाथाडावयाचा कोठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे; इमारतीच्या दोन मजल्यांत भरणाऱ्या शाळांचे शिक्षक ती अट वाचून काय म्हणत असतील, हे त्यांनाच ठाऊक. ठाण्याचे दादोजी कोंडदेव स्टेडियम, कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे भागशाळा मैदान आणि सावळाराम महाराज क्रीडासंकुल अशी नावे बोटांवर मोजून संपतात. त्यांतही सभा आणि प्रदर्शने यांचा वाटा मोठा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची मतमोजणी क्रीडासंकुलातच झाली. लोकशाहीचे काम झालेच पाहिजे. पण प्रत्येक कामाला मोकळी जागा म्हणून मैदानच आठवावे आणि मुलांना मात्र ‘उद्या या’ असे सांगावे, हा शिरस्ता झाला आहे.

मोठ्या स्पर्धेमुळे मुलांना प्रेरणा मिळते, असे समर्थक सांगतात. ते खोटे नाही. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी जॅक्सन सिंग याने दिल्लीत कोलंबियाविरुद्ध केलेला भारताचा पहिला गोल ज्यांनी पाहिला, त्यांना तो आनंद विसरता येणार नाही. मात्र प्रेरणा ही पावसासारखी असते. जमीन असेल तरच ती मुरते, नाहीतर गटारातून वाहून जाते.

हा हिशेब आज मांडण्याचे कारण आहे. ऑलिंपिकचे यजमानपद २०३६ साली भारताला मिळावे, ही आकांक्षा पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच बोलून दाखविली. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. उद्या फुटबॉलची आणखी एखादी मोठी स्पर्धा ठाणे जिल्ह्याच्या दाराशी येईल. तिला विरोध करण्याचे कारण नाही. अट घालण्याचे आहे. हमीपत्रावर सही होण्यापूर्वी ते मराठीत प्रसिद्ध व्हावे आणि विधिमंडळात व संबंधित महापालिकेच्या सभेत त्यावर चर्चा व्हावी. करमाफीमुळे आणि बंदोबस्तामुळे सार्वजनिक तिजोरीवर पडणारा भार रुपयांत सांगितला जावा. आणि स्पर्धेवर होणाऱ्या सरकारी खर्चाचा ठरावीक हिस्सा यजमान जिल्ह्यातील सार्वजनिक मैदानांच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी आधीच बाजूला काढला जावा. स्पर्धा संपल्यावर वारशाची भाषा बोलणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

नेरुळच्या मैदानावरील हिरवळ पाहुण्यांसाठी मखमलीसारखी राखता येते, हे आपण सिद्ध केले आहे. डोंबिवलीतील एखाद्या मुलीला संध्याकाळी तासभर खेळण्यासाठी साधी सपाट जमीन राखता येते, हे सिद्ध व्हावयाचे आहे. जग आपल्याला यजमान म्हणून मान देईल की नाही, हे पहिल्या गोष्टीवर ठरेल. त्या मानाला आपण पात्र आहोत की नाही, हे दुसऱ्या गोष्टीवर.