जुना संगणक भंगारात काढण्याआधी

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. ही बातमी सगळ्यांनी छापली. वैयक्तिक वापरासाठी काही अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत मिळेल, हेही छापले. परंतु त्याच्या दोनच महिने आधी, 9 ऑगस्ट 2025 रोजी, डेबियन 13 ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध झाली, त्याची एक ओळही आमच्या पाहण्यात आली नाही. जाहिरात देणारा कोणी नसला की बातमीलाही जागा मिळत नाही, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही.

आम्ही हा विषय का घेतला? आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सात संगणक आहेत. एका कार्यालयाने नवे घेतले तेव्हा जुने सहा आम्हाला दिले, आणि आम्ही ते हारतुरे घालून आणले. सातवा म्हणजे एका शिक्षकाने दिलेला छोटा लॅपटॉप. पोरे त्यावर अर्ज भरतात, प्रश्नपत्रिका काढतात, व्याख्याने ऐकतात. आता दुरुस्तीवाला येऊन सांगून गेला, "हे सगळे भंगार. यावर अकरा चढत नाही." अकरा म्हणजे विंडोज 11. तिला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि प्रोसेसर साधारण 2017 च्या अखेरीनंतरचा लागतो. यंत्र चालते, पडदा उजळतो, कळफलकाची अक्षरे पुसली गेली असली तरी उमटतात. तरीही ते बाद! आणि बाद झालेली यंत्रे कुणाच्या पदरात आहेत? ज्याच्याकडे पैसा आहे त्याने नवे केव्हाच घेतले. 2010-12 ची यंत्रे आहेत ती अभ्यासिकेत, वसतिगृहात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि झेरॉक्सच्या टपरीवर.

डेबियन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. 1993 साली इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने अमेरिकेत हे काम सुरू केले. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्राम तपासून, एकमेकांशी जुळवून ही प्रणाली तयार होते आणि फुकट दिली जाते. फुकटपेक्षा महत्त्वाचे हे की तिचा सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढच्याला द्यावा. तिच्यामागे मालक कंपनी नाही. जगभर पसरलेले सुमारे हजार सदस्य आहेत, 1997 चा एक सामाजिक करार आहे आणि 1998 ची एक घटना आहे. दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते, आणि मतपत्रिकेवर "यांपैकी कुणीही नको" हा पर्यायही असतो. घटना म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना आम्ही समजावून सांगायला नको.

या घटनेचा उपयोग काय, याचे एक उदाहरण सांगतो, कारण आमच्या यंत्रांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. सामाजिक करारानुसार डेबियनमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर असायचे. तत्त्व उत्तम! पण बहुतेक लॅपटॉपच्या वाय-फायला कंपनीचा बंदिस्त फर्मवेअर-तुकडा लागतो. तो इन्स्टॉलरमध्ये नसायचा, म्हणून डेबियन टाकले की इंटरनेट बंद, आणि इंटरनेट नाही म्हणून तो तुकडाही उतरवता येत नाही. जाणकार माणूस दुसऱ्या यंत्रावरून पेन ड्राइव्हने तो आणायचा. ज्याच्याकडे दुसरे यंत्रच नाही त्याने काय करायचे? वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी 2022 साली सदस्यांनी मतदान करून करारातच दुरुस्ती केली. करार बदलायला साधे बहुमत चालत नाही, तीनास एक इतके बहुमत लागते, तेही मिळाले. 2023 च्या डेबियन 12 पासून हे तुकडे इन्स्टॉलरमध्येच येतात, 13 मध्येही आहेत. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काही कडवे लोक आजही नाराज आहेत. आम्ही त्यांचा आदर करतो, परंतु या बाबतीत त्यांच्या बाजूने नाही. दारातूनच परत जाणाऱ्या माणसाला आतल्या स्वातंत्र्याचा काय उपयोग?

आता 13 मध्ये नवे काय? लिनक्सचा गाभा 6.12 आहे, आणि प्रोग्राम उतरवणारे एपीटी हे साधन आता 3.0 झाले आहे. 14,100 हून अधिक नवी पॅकेजे आली, एकूण संख्या 69,830 झाली. कार्यालयीन कामाला लिब्रे ऑफिस 25.2 आहे. दिसायला देखणे हवे त्यांना ग्नोम 48 किंवा प्लाझ्मा 6.3, आमच्यासारख्यांनी मात्र एक्सएफसीई 4.20 घ्यावे, ते कमी मेमरीत गुमान चालते. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरना प्रथमच अधिकृत आधार मिळाला आहे. मद्रासच्या आयआयटीतला शक्ती प्रोसेसर याच रचनेवर आहे, म्हणून हा बदल आपल्या देशालाही दूरचा नाही.

एक बदल जपून घ्यावा. तात्पुरत्या फायलींचा कप्पा आता हार्ड डिस्कवर नसून मेमरीत असतो, आणि तो निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकतो. सोळा जीबीवाल्याला यात वेग मिळेल. दोन जीबीच्या यंत्रावर मोठी फाईल उतरवताना धाप लागेल. एका आज्ञेने हे पूर्ववत करता येते, पण कुणीतरी ती आज्ञा माहीत असलेला हवा. शिवाय नव्या इन्स्टॉलमध्ये त्या कप्प्यातली दहा दिवस न वापरलेली फाईल पुसली जाते. पोरांना सांगून ठेवा, बायोडेटा तिथे ठेवू नका.

2038 सालाचीही तजवीज केली आहे. जुन्या पद्धतीत संगणक 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांच्या आकड्यात मोजतो. तो आकडा 19 जानेवारी 2038 रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी भरून जाईल, आणि पुढचा सेकंद उलटून 1901 साल दाखवील. डेबियन 13 ने मोजणी 64 बिटांवर नेली. अपवाद फक्त एकाच वर्गाचा, जुन्या 32 बिटी पीसीचा.

आणि इथेच आमचे खरे दुखणे आहे. या वर्गाला 13 मध्ये नुसते वेळेच्या बाबतीत मागे ठेवलेले नाही, त्याला बाहेरच काढले आहे. त्याच्यासाठी गाभा नाही, इन्स्टॉलर नाही. जे मायक्रोसॉफ्टने केले तेच यांनीही केले, असे कुणी म्हणेल. आम्हालाही पहिल्यांदा तसेच वाटले. परंतु फरक पाहा. डेबियनच्या प्रकाशन चमूने 2023 च्या डिसेंबरातच उघडपणे सांगून ठेवले होते की हे होणार. त्यामागे नवे यंत्र विकण्याचा डाव नाही, यांना विकायला यंत्रच नाही. जुन्या प्रोसेसरवर चाचण्या घेणारे, बिघाड शोधणारे हात उरले नाहीत. ज्यांच्याकडे वेळ आणि विद्या आहे त्यांच्या टेबलावर 32 बिटी यंत्र नाही. ज्यांच्या टेबलावर ते आहे, ते तिथे नव्हते. दार उघडे होते, पण आपल्यापैकी आत कोण गेले?

हेच मराठीचे. डेबियनचा इन्स्टॉलर 78 भाषांत आहे, त्यात मराठी आहे, याचा आनंद आहे. पण पडदा मराठी करून पाहा. जुनी वाक्ये मराठीत दिसतात, नवी इंग्रजीत, आणि एकाच खिडकीत दोन्हींची खिचडी होते. ज्यांनी मराठीकरणाचे काम केले त्यांनी चांगले केले, त्यांच्यामागे मात्र पुरेसे कोणी आले नाही. केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालतात, आणि डेबियनची जागतिक परिषद 2023 च्या सप्टेंबरात कोचीला भरली. 2010 च्या ठरावापासून डेबियनमध्ये प्रोग्राम न लिहिणाऱ्यालाही, म्हणजे भाषांतर करणाऱ्यालाही, काम सिद्ध केल्यावर पूर्ण सदस्यत्व आणि मताचा हक्क मिळू शकतो. मराठी विषय घेऊन एम.ए. झालेली, नोकरीच्या शोधात असलेली किती मुले-मुली आपल्या वस्त्यांत आहेत! त्यांना ही वाट कुणी दाखवली?

आम्ही कुणाला फसवणार नाही. ज्याचे पोट डीटीपीवर आहे, ज्याच्या फायली जुन्या फाँटमध्ये अडकल्या आहेत, त्याला आज विंडोज सोड असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याला इंटरनेट, पीडीएफ, पत्र आणि हिशेब एवढेच लागते, त्याने दुरुस्तीवाल्याच्या एका शब्दावर यंत्र किलोने विकू नये. आधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडून वाचावे. पुष्कळ ठिकाणी मेमरी कमी म्हणून 32 बिटी विंडोज टाकलेली असते, पण खालचा प्रोसेसर 64 बिटीच असतो. तिथे "एक्स 64" असे लिहिलेले दिसले, तर डेबियन 13 चढेल. 2006 नंतरचे कोअर टू ड्युओ या कसोटीला उतरतात; 2008 च्या सुमाराचे ॲटम एन 270 वाले छोटे लॅपटॉप उतरत नाहीत. खात्री नसेल तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहावे, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. टाकायचे ठरले की मात्र आधी आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे काढावी, कारण नंतर रडून उपयोग नाही.

आमच्या सातपैकी सहा यंत्रे 64 बिटी निघाली. त्यातल्या चारांवर 13 टाकून झाले, दोनांना मेमरी वाढवायची आहे, वर्गणी चालू आहे. सातवा तो छोटा लॅपटॉप ॲटमवाला. त्याच्यावर डेबियन 12 ठेवले आहे, तिची दीर्घकालीन देखभाल 2028 च्या जूनअखेरपर्यंत आहे. झाकणावर तेवढी तारीख लिहून चिठ्ठी चिकटवली आहे.