अर्ध्या दिवसाची मुंबई आणि गाईडचा बंद माईक

आमच्या दिघ्याच्या वस्तीतल्या एक मावशी गेल्या वर्षी थायलंडला जाऊन आल्या. आयुष्यभर महापालिकेत झाडू मारला, निवृत्तीच्या पैशातून थोडे बाजूला काढले आणि 'धम्म सहली'त नाव नोंदवलं. बँकॉकची विहारं झाली आणि शेवटी पट्टाया. समुद्रकाठचं शहर, अर्ध्या दिवसाचं साइटसीइंग, सोबत गाईड. मावशींनी विहारात सगळ्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. प्रातुम्नाक टेकडीवरची साधारण अठरा मीटर उंचीची सोनेरी बुद्धमूर्ती, तिच्या पायथ्याशी आठवड्याच्या एकेका वाराची वेगळी मूर्ती. तिथे गाईडने प्रत्येकाला विचारलं, तुमचा जन्म कोणत्या वारी झाला? ज्याचा जो वार, त्याने त्या मूर्तीपुढे पैसे टाकायचे.

मावशींना जन्मवार कुठला माहीत असणार? शाळेत मास्तरांनी लिहिलेली १ जून ही तारीख, तीच आधारवर. आपल्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गाईडने मोबाईलवर १ जून १९६१ टाकून पाहिलं, गुरुवार निघाला. मग मावशींना ध्यानस्थ बुद्धापुढे उभं केलं. तिथून बस थेट हिरे-माणकांच्या दुकानात गेली. तिथे पाऊण तास, टेकडीवर वीस मिनिटं.

आम्ही हसलो. मावशीही हसल्या. "बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली तेव्हा कुणाचा वार विचारला नव्हता," त्याच म्हणाल्या. पण मागे बसलेल्या अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, बाबासाहेब परळला ज्या चाळीत राहायचे ती बघितली का?" मावशींनी बघितलेली नव्हती. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. विहारात तेव्हा तीसेक माणसं होती. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहणारी. बीआयटी चाळ आतून पाहिलेली माणसं त्यात तीन निघाली.

पट्टायाच्या गाईडवर हसणं सोपं आहे. आपल्या शेजारचं समुद्रकाठचं शहर आपल्याला कोण दाखवतं आणि त्यात काय दाखवतं, हे तपासायला आम्ही अभ्यासिकेतली वीस मुलं घेऊन निघालो. एका टूरवाल्याची मिनी बस, अर्ध्या दिवसाची 'मुंबई दर्शन', गाईडसह. रविवारी सकाळी सातला निघालो.

ऐरोली पूल ओलांडून बस पूर्व द्रुतगती महामार्गावर आली. घाटकोपरला डाव्या-उजव्या हाताला काय आहे हे कुणी सांगितलं नाही, कारण गाईडचा माईक अजून बंद होता. तो सुरू झाला सीएसएमटीसमोर. १८८८ ची इमारत, स्टीव्हन्स नावाचा वास्तुविशारद, युनेस्कोचा दर्जा. माहिती चोख होती. मग बस दादाभाई नौरोजी रस्त्याने पुढे सरकली आणि गाईडने कमानींकडे बोट दाखवलं. याच रस्त्यावर आनंद भवन आणि बुद्ध भवन आहे. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या, गावाकडून आलेल्या पोरांना शिकता यावं म्हणून उभं केलेलं कॉलेज. बस त्याच्या दारावरून गेली. माईक चालू होता, पण बोलणं कमानींबद्दल चाललं होतं.

काळा घोड्याला जहांगीर कलादालन, म्युझियम आणि त्यांच्या समोर एल्फिन्स्टन कॉलेज. गाईड म्हणाला, "व्हिक्टोरियन गॉथिक शैली." महू छावणीत जन्मलेला आणि परळच्या चाळीत कंदिलाखाली वाचणारा एक विद्यार्थी याच कॉलेजातून बी.ए. झाला, हे त्या शैलीत बसत नसावं. गेटवेवर १९११, पंचम जॉर्ज, १९२४ चं उद्घाटन, आणि लगेच जवळच्या हस्तकलेच्या दुकानात अर्धा तास. पट्टायात माणकं होती, इथे पश्मिना. गाईडला तिथून काहीतरी मिळत असणार आणि त्यात आम्हाला गैर वाटत नाही, कारण फेरीमागे त्याला जे मिळतं त्यात घर चालणार नाही. या लेखात त्या पोरावर राग काढायचा नाही. कोकणातून आलेला, गोड बोलणारा मुलगा होता.

मरीन ड्राइव्ह झालं, अँटिलिया लांबून दाखवून झालं. मग गावदेवीतलं मणिभवन. गांधीजींचं १९१७ ते १९३४ या काळातलं मुंबईतलं मुक्कामाचं ठिकाण. इथे गाईड खुलला. रौलट कायदा, सत्याग्रह, चरखा, वरच्या मजल्यावरची खोली, सगळं मन लावून सांगितलं. मुलं ऐकत होती. सांगून संपल्यावर आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, १४ ऑगस्ट १९३१ ला इथे काय झालं?"

गाईडला माहीत नव्हतं. मग त्या पोरानेच सांगितलं. त्या दिवशी याच घरात बाबासाहेब आणि गांधीजी पहिल्यांदा समोरासमोर आले. ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवलं जातं, पाणी मिळत नाही, तो देश मी माझा कसा म्हणू, असा सवाल बाबासाहेबांनी इथे तोंडावर केला. आणि दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते बोटीने विलायतेला निघाले. त्या भेटीनंतर पुढच्या वर्षी पुणे करार झाला. आधुनिक भारताच्या राजकारणातला एवढा मोठा वाद ज्या घरात पहिल्यांदा आमनेसामने झाला, त्या घरात उभं राहून गाईड चरख्यावर वीस मिनिटं बोलतो आणि या भेटीवर अर्धा मिनिटही नाही.

गाईड बिचारा म्हणाला, "आमच्या स्क्रिप्टमध्ये नाहीये हो ते."

आमचं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे. जॉन उरी या समाजशास्त्रज्ञाने १९९० साली 'द टूरिस्ट गेझ' हे पुस्तक लिहिलं. पर्यटकाची नजर त्याची स्वतःची नसते, ती आधी घडवलेली असते, हा त्याचा मुद्दा. कुठे थांबायचं, कुठे फोटो काढायचा, कशावरून नजर सरकवायची हे संस्था, पुस्तकं, कंपन्या मिळून ठरवतात. आपल्याकडे त्यात जात मिसळते. गाईड खोटं बोलला नाही. त्याने सांगितलेलं प्रत्येक साल बरोबर होतं. ब्राह्मणी वर्चस्वाला नेहमी खोटं बोलावं लागतच नाही, काय वगळायचं एवढं ठरवलं की काम होतं.

याचा दुसरा नमुना महालक्ष्मीच्या पुलावर मिळाला. धोबीघाट हा प्रत्येक मुंबई दर्शनाचा हमखास थांबा. 'जगातली सगळ्यात मोठी उघड्यावरची लॉन्ड्री' म्हणून गाईड अभिमानाने सांगतो आणि विदेशी पर्यटक वरून फोटो काढतात. दगडी हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामात का आहेत, हा प्रश्न पुलावरून दिसत नाही. म्हणजे श्रमणारी जात पर्यटनातून वगळलेली नाही, उलट ती दाखवलीच जाते. पण देखावा म्हणून. आमच्यातली एक मुलगी फोटो न काढता तोंड फिरवून उभी राहिली. तिची आई ऐरोलीत चार घरी कपडे-भांडी करते. ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

एक वाजता टूर संपली. बस अजून दोन तास आमच्याकडे होती, कारण परतीचे पैसे आम्ही वेगळे दिले होते. आम्ही ड्रायव्हरला परळला घ्यायला सांगितलं. गाईडला दादरला उतरायचं होतं, तो म्हणाला, येतो मीही.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सरकारने काढलेला. गिरणी कामगारांसाठी त्याने चाळी बांधल्या. परळच्या चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. मधली परदेशातली शिक्षणाची वर्षं सोडली तर बावीस वर्षांचा हा पत्ता. 'मूकनायक' निघाला तेव्हा पत्ता हाच, महाडचं चवदार तळं पेटलं तेव्हाही हाच. मणिभवनात गांधीजींपुढे बसलेला माणूस त्या दिवशी याच जिन्यावरून उतरला होता. दोन्ही ठिकाणांत अंतर चार-पाच किलोमीटर. रमाईंनी शेण्या थापून, पै-पै वाचवून संसार रेटला, तोही याच काळात.

मुलं जिना चढताना आपोआप गप्प झाली. चाळीतल्या एका ताईने पाण्याचा तांब्या भरून दिला. इथे आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ही चाळ रिकामं स्मारक नाही, लोक राहतात इथे. दुपारी कुणाचं जेवण चालू असतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. पन्नास-पन्नास जणांनी घोषणा देत जिना चढायचा नाही. दहा-दहा जणांनी जायचं, चपला आवाज न करता काढायच्या आणि विचारून आत डोकवायचं.

परळातच दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी तिथे सभा घेतली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. त्या जागेचं नाट्यगृह पुनर्विकासासाठी पाडलं गेलं. नाटकवाल्यांनी आंदोलन केलं, त्यांचं बरोबरच होतं. पण आपल्या चळवळीच्या पहिल्या संस्थेचा जन्म तिथला, म्हणून आपल्यातले किती जण तिथे गेले? शेजारी कामगार मैदान आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर संप केला, त्या दिवशी लाखभर कामगारांपुढे बाबासाहेब इथे बोलले. बाबासाहेब कामगारांचे नव्हतेच असं म्हणणाऱ्यांना या मैदानात आणून उभं करावं.

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांचा टूर-पॉइंट करायचा आहे का तुम्हाला? त्यांची भीती खरी आहे. दुकानं लागतील, सेल्फी निघतील, आणि पट्टायासारखा एखादा गाईड तुमचा वार विचारून पैसे टाकायला लावेल. पण मणिभवन आपोआप बसच्या यादीत आलेलं नाही. ते कुणीतरी जपलं, ग्रंथालय उभारलं, शाळांना बोलावलं, गाईडच्या हातात कागद दिला. आपण काय दिलं? इंदू मिलच्या स्मारकासाठी आपण लढलो, २०१५ मध्ये भूमिपूजन झालं, आणि तेव्हापासून पुतळ्याची उंची किती यावर भांडतो आहोत. लंडनचं किंग हेन्री रोडवरचं घर सरकारने त्याच वर्षी विकत घेतलं, चांगलंच झालं. परळचं घर मात्र आपल्या नकाशात नाही. २०१६ च्या जूनमध्ये दादरचं आंबेडकर भवन एका पहाटे पाडलं गेलं तेव्हा आपण रस्त्यावर आलो, आणि त्यामागचा वाद आपल्याच लोकांतला होता हेही पाहिलं. २०२० मध्ये राजगृहाची तोडफोड झाली तेव्हा पुन्हा संतापलो. वास्तूवर हल्ला झाला की आपण जागे होतो. एरवी तिथे काय घडलं हे पोराला सांगायला आपल्याकडे माणूस नसतो.

पर्यटन विभागाने अलीकडच्या वर्षांत महापरिनिर्वाण दिनाच्या आसपास बाबासाहेबांच्या स्थळांच्या मोफत सहली काढल्या. त्याचं स्वागत. पण त्या डिसेंबरच्या चार-पाच दिवसांपुरत्या. उरलेल्या दिवसांत मुंबई दर्शनाच्या बसने सिद्धार्थ कॉलेजवरून तशाच जायचं का? नेहमीच्या फेरीत, नेहमीच्या प्रवाशांना, आपले नसलेल्यांनाही ही ठिकाणं दिसली पाहिजेत. गुजरातहून, बंगालहून आलेल्या कुटुंबाला मणिभवनात १४ ऑगस्टची गोष्ट ऐकायला मिळाली पाहिजे. ही मागणी आम्ही पर्यटन संचालनालयाला लेखी देणार आहोत. आणि आपल्या पोरांनी गाईडचं प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा. इतिहास, समाजशास्त्र शिकून स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या प्रयत्नात अडकलेली कितीतरी मुलं आमच्या अभ्यासिकेत आहेत. बोलायला वाघ आहेत.

गाईड दादरला उतरला. उतरताना त्याने चाळ क्रमांक आणि १४ ऑगस्ट १९३१ ही तारीख मोबाईलमध्ये टाइप करून घेतली. पुढच्या फेरीत तो ती सांगेल की नाही, माहीत नाही.

परत येताना घाटकोपरला रमाबाई नगरापाशी बस थांबवली. सकाळी याच ठिकाणावरून माईक बंद ठेवून गेलो होतो. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दहा जण गेले. आमच्याबरोबरची सगळी मुलं त्यानंतर जन्मलेली. निम्म्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं, आणि ती रोज याच रस्त्याने कॉलेजला जातात.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही फेरी काढतो आहोत. सकाळी सात वाजता ऐरोली स्टेशनबाहेरून. मणिभवन, आनंद भवन, बीआयटी चाळ, कामगार मैदान, राजगृह, चैत्यभूमी, रमाबाई नगर. बस परवडली नाही तर लोकलने. पाण्याची बाटली आणि डबा आपापला आणा. पुढच्या वेळी मणिभवनात मावशी बोलणार आहेत, तारखा पाठ करणं चालू आहे.

जयभीम.