ब्रिटनमधल्या महागड्या शाळा 'धर्मादाय' कशा? आणि फीवर २० टक्के कर लागल्यावर खरं कोण अडचणीत आलं?

लंडनच्या पश्चिमेला थेम्स नदी आहे. नदीच्या एका काठावर विंडसरचा राजवाडा आणि दुसऱ्या काठावर ईटन कॉलेज. ब्रिटनला २० पंतप्रधान देणारी हीच ती शाळा. डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन इथलेच.

राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये ही शाळा काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. आज तिथल्या एका मुलाची वर्षाची फी करासकट ६३ हजार पौंडांच्या वर जाते. म्हणजे आपल्या पैशात ६५ लाखांहून जास्त.

तरीही ईटन कॉलेज आजही कागदोपत्री धर्मादाय संस्थाच आहे. पंडित नेहरू शिकले ती हॅरोसुद्धा तशीच. १५७२ मध्ये जॉन लायन नावाच्या शेतकऱ्याने गावातल्या मुलांसाठी काढलेली.

आता साहजिक प्रश्न पडतो, की एवढी फी घेणाऱ्या शाळा धर्मादाय कशा काय? ब्रिटनमध्ये हा वाद जुना आहे, पण गेल्या काही वर्षांत तो थेट तिजोरीपर्यंत गेला. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या धर्मादाय शाळांची मालमत्ता करातली सवलत गेली. हा विषय नीट समजून घ्यायचा, तर आधी या शाळा चालतात कशा ते बघायला लागेल.

'धर्मादाय' म्हणजे गरिबांसाठी, असं नाही

आपली पहिली गल्लत इथेच होते. इंग्लिश कायद्यात धर्मादाय या शब्दाचा अर्थ १६०१ सालच्या एका कायद्यापासून ठरत आला आहे. गरिबांना मदत हा त्यातला एक हेतू आणि शिक्षणाचा प्रसार हा दुसरा, स्वतंत्र हेतू. त्यामुळे शाळा चालवणं हेच मुळात धर्मादाय काम मानलं गेलं.

मग अट काय? अट अशी की फायदा कुणाच्या खिशात जाता कामा नये. अशा शाळेला मालक नसतो, भागधारक नसतात. वर्षाअखेर पैसे उरलेच तर ते शाळेवरच खर्च करायचे. शाळा बंद पडली तर इमारत विकून आलेले पैसे देणी भागवल्यावर कुणाला वाटून घेता येत नाहीत, ते तशाच दुसऱ्या धर्मादाय कामाला द्यावे लागतात.

कारभार बघतं ते गव्हर्नर मंडळ. हे गव्हर्नर म्हणजेच कायद्याच्या भाषेत विश्वस्त. कुणी निवृत्त मुख्याध्यापक, कुणी वकील, कुणी हिशेब तपासनीस, कुणी माजी विद्यार्थी. सहसा त्यांना मानधन मिळत नाही. मुख्याध्यापक नेमणं, फी ठरवणं, कर्ज काढणं, जमीन विकणं आणि वेळ आली तर शाळा बंद करणं, हे सगळे निर्णय त्यांचे. रोजचा कारभार मुख्याध्यापक आणि बर्सर बघतात. बर्सर म्हणजे शाळेचा खजिनदार आणि व्यवस्थापक असा दोन्ही.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधल्या सगळ्याच खासगी शाळा धर्मादाय नाहीत. जवळपास निम्म्या आहेत. बाकीच्या कुणा मालकाच्या किंवा नफ्यासाठी शाळा चालवणाऱ्या कंपन्यांच्या.

मग वाद कशाचा?

वाद सवलतींचा. ब्रिटनमध्ये शंभरातली साधारण सहा-सात मुलं खासगी शाळेत जातात. उरलेली सरकारी शाळांत. मग बहुसंख्य लोकांच्या करातून या सहा-सात मुलांच्या शाळांना सूट का, हा प्रश्न रास्तच होता.

२००६ च्या कायद्याने यात मोठा बदल केला. तोपर्यंत शिक्षण देता म्हणजे लोकहित आहेच, असं गृहीत धरलं जायचं. या कायद्याने ते गृहीतक काढलं आणि शाळांना सांगितलं की लोकहित दाखवून द्या. २००९ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने पाच शाळा तपासल्या, तर त्यातल्या दोन नापास झाल्या. कारण, गरजू मुलांना फी माफी पुरेशी नव्हती.

शाळांची संघटना या प्रश्नावर न्यायाधिकरणात गेली. २०११ मध्ये निकाल आला तो मधला होता. शाळेने गरिबांसाठी नावापुरतं नव्हे, त्याहून जास्त काहीतरी केलंच पाहिजे. पण किती करायचं आणि कसं करायचं हे आयोग नाही, विश्वस्त ठरवतील.

थोडक्यात, अट राहिली पण आकडा नाही. एखादी शाळा दहा मुलांना पूर्ण फी माफी देते, दुसरी जवळच्या सरकारी शाळेला आपला पोहण्याचा तलाव वापरू देते. कागदावर दोघींचंही लोकहित होतं. लोकांचा राग साचत गेला तो इथे.

स्कॉटलंडने वेगळा रस्ता धरला. तिथल्या नियामकाने फी घेणाऱ्या शाळा एकेक करून तपासल्या, कमी पडणाऱ्यांना फी माफी वाढवायला लावली आणि २०२२ पासून तिथे मालमत्ता करातली सवलतही बंद झाली.

लेबर सरकारने नेमकं काय काढलं?

इथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. व्हॅटची सूट धर्मादाय असण्याशी जोडलेलीच नव्हती. ती शिक्षणाला होती. नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांनाही ती मिळायची. ती सूट गेल्यावर फटका दोन्ही प्रकारच्या शाळांना बसला.

मालमत्ता करातली सवलत मात्र फक्त धर्मादाय शाळांना होती, आणि तीही ८० टक्के. समजा एखाद्या शाळेचा कर ५० हजार पौंड असेल तर ती १० हजार भरायची. आता ५० हजारच भरायचे. नफ्यातल्या शाळांना ही सवलत कधी नव्हतीच, त्यामुळे त्यांचं यात काही गेलं नाही. प्रामुख्याने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या शाळांची सवलत तेवढी टिकली.

म्हणजे दुसरा घाव बसला तो फक्त धर्मादाय शाळांवर. आणि या शाळांचा धर्मादाय दर्जा? तो तसाच राहिला. दर्जा काढून घ्यायचा विचार लेबर पक्षाने निवडणुकीआधी, २०२३ मध्येच सोडून दिला होता.

सरकारचं गणित असं, की २०२९-३० पर्यंत या दोन्ही निर्णयांतून वर्षाला सुमारे १८० कोटी पौंड मिळतील. त्यातून सरकारी शाळांसाठी ६,५०० नवे शिक्षक नेमायला मदत होईल. पुढच्या काही वर्षांत साधारण ३७ हजार मुलं खासगी शाळांतून कमी होतील, त्यातली ३५ हजार सरकारी शाळांत येतील आणि तीन वर्षांत नेहमीपेक्षा १०० शाळा जास्त बंद पडतील, हाही सरकारचाच अंदाज. काही शाळा आणि पालक उच्च न्यायालयात गेले, पण जून २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचे दावे फेटाळले.

ईटनचं काय बिघडलं आणि छोट्या शाळेचं काय?

ईटनने २० टक्के कर सरळ फीवर चढवला. तिथे प्रवेशासाठी रांग आहे, जगभरातून पालक येतात, शतकानुशतकं साठलेला निधी आहे.

वर आणखी एक गंमत. व्हॅट लावणाऱ्याला स्वतःच्या खरेदीवर भरलेला व्हॅट परत मागता येतो. इतकंच नाही, तर गेल्या दहा वर्षांतल्या मोठ्या बांधकामावर भरलेल्या व्हॅटचा काही भागही मिळू शकतो. आता दहा वर्षांत नवं नाट्यगृह, नवी प्रयोगशाळा कुणी बांधली असेल? ज्याच्याकडे पैसा होता त्याने. छपराची डागडुजी पुढे ढकलणाऱ्या शाळेला परत मागायला फारसं काही नाही.

आता एक छोटी शाळा डोळ्यासमोर आणा. आकडे समजण्यापुरते धरू. २०० मुलं, फी १५ हजार पौंड. वर्षाचं उत्पन्न ३० लाख पौंड. यातला मोठा हिस्सा पगारात जातो. उरलेल्यात वीज, जेवण, डागडुजी.

पूर्ण कर चढवला तर फी १८ हजार होते. एवढी फी परवडणार नाही म्हणून १५ मुलं गेली, तर सव्वादोन लाख पौंड कमी झाले. पण खर्च त्या मापाने कमी होत नाही. प्रत्येक वर्गातून एक-दोन मुलं गेली म्हणून वर्ग बंद करता येत नाही, शिक्षक तेवढेच लागतात.

मुलं जाऊ नयेत म्हणून पालकांकडून साडेसोळा हजारच घ्यायचे ठरवले, तर कर भरून शाळेच्या हातात १३,७५० उरतात. प्रत्येक मुलामागे १,२५० कमी, २०० मुलांचे अडीच लाख पौंड. दोन्हीकडून खड्डा तेवढाच.

त्यात भर म्हणजे एप्रिल २०२४ पासून शिक्षक पेन्शन योजनेतला शाळांचा हिस्सा पगाराच्या २३ टक्क्यांवरून २८ टक्क्यांच्या पुढे गेला आणि एप्रिल २०२५ पासून मालकांनी भरायचा राष्ट्रीय विमाही वाढला. कराचा फटका याच काळात आला.

पहिली कात्री कुठे लागते?

इथे खरी मेख आहे. ईटनसारख्या शाळेत गरजू मुलांची फी माफी जुन्या देणग्यांतून आणि निधीतून चालते. छोट्या शाळेत असा निधी फारसा नसतो. तिथे फी माफी म्हणजे दुसऱ्या पालकांनी भरलेल्या फीतून दिलेली सूट. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली नजर तिकडेच जाते.

म्हणजे ज्या कामामुळे शाळा खऱ्या अर्थाने धर्मादाय ठरते, तेच काम आधी धोक्यात येतं. आणि ते पूर्ण थांबवताही येत नाही, कारण २०११ च्या निकालाची अट अजून लागू आहे.

मग विश्वस्त धर्मादाय दर्जा सोडून का देत नाहीत? कारण तो सोडून देता येत नाही. शाळेची जमीन, इमारत, निधी सगळं धर्मादाय कामासाठी कायमचं बांधलेलं आहे. आज काढलं, उद्या नफ्याची कंपनी केली, असं चालत नाही. कुणी छतासाठी देणगी दिली असेल तर त्या पैशातून पगार करता येत नाही. राहतात ते मार्ग तीन: दुसऱ्या शाळेत विलीन होणं, रास्त किमतीला एखाद्या कंपनीला शाळा विकणं किंवा बंद करणं. हा निर्णय घ्यायचा असतो महिन्यातून एखाद्या संध्याकाळी जमणाऱ्या बिनपगारी विश्वस्तांनी.

थोडक्यात, सवलतींचा मोठा हिस्सा गेला, बंधनं सगळी राहिली. धर्मादाय कामावर खर्च होणाऱ्या शिलकीला आयकर नाही आणि देणगीवर सरकारकडून भर मिळते, हे फायदे अजून आहेत. पण जिची शिल्लकच नाही आणि मोठे देणगीदारही नाहीत, अशा शाळेला त्यांचा उपयोग किती?

खासगी शाळांच्या संघटनेच्या २०२५ च्या गणनेत तिच्या शाळांतली मुलं वर्षभरात १३ हजारांहून जास्त कमी झाल्याचं दिसलं. संघटना कराकडे बोट दाखवते, तर सरकार म्हणतं की मुळात मुलांची संख्याच घटते आहे आणि फी तर या शाळा कर यायच्या आधीपासून वर्षानुवर्षं वाढवतच होत्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आपल्याकडे कसं आहे?

आपल्याकडेही शाळा चालवणाऱ्या बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात आणि नफेखोरी करू नये हे तत्त्वही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी नको. शाळेच्या फीवर आपल्याकडे जीएसटी नाही.

फरक एकाच ठिकाणी मोठा आहे. शिक्षण हक्क कायद्याने अल्पसंख्याक संस्था वगळता विनाअनुदानित शाळांना पहिल्या पायरीवरच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायला सांगितलं आणि त्या मुलांचा ठरलेला खर्च सरकारने द्यायचं मान्य केलं. त्याच्या अंमलबजावणीबद्दल आपल्या तक्रारी भरपूर आहेत, पण निदान आकडा ठरलेला आहे. ब्रिटनने लोकहिताचा आकडा कधी ठरवलाच नाही. शेवटी करच लावला, आणि कराला श्रीमंत शाळा कोणती, काठावरची कोणती, यातला फरक कळत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि मुलांना अशा शाळेत घालणाऱ्या मराठी पालकांसाठी एक कामाची गोष्ट. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय शाळांचे ताळेबंद धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. त्यात तीन गोष्टी बघा. कशालाही वापरता येईल असा राखीव निधी किती आहे? दिलेल्या सवलतींपैकी खरोखर गरजू मुलांना किती आणि भावंडांना, कर्मचाऱ्यांच्या मुलांना किती? आणि शाळा पुढचं वर्षभर चालेल याबद्दल लेखापरीक्षकाने काही शंका नोंदवली आहे का? अनेक वर्षांची फी एकदम भरायच्या आधी हे नक्की बघा, कारण शाळा बुडाली तर पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत पालक बरेच मागे असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर कोणत्याही देशातल्या धर्मादाय शाळेला विचारण्यासारखं आहे. ती शाळा कुणासाठी चालते, हे पाटीपेक्षा त्या आकड्यातून जास्त कळतं.